वर्डमध्ये पिवळं केलेलं सगळं एका झटक्यात बाहेर काढता येतं, मग काळं केलेलं खरंच लपतं का?

सातारा जिल्ह्यातलं मलकापूर म्हणजे कराडला अगदी खेटून, पुणे-बंगळूरु महामार्गावर वसलेलं शहर. चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेमुळे या लहानशा शहराचं नाव राज्यभर झालं.

आता समजा, तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला प्रश्न पडला : पाण्याबद्दल गेल्या दहा वर्षांत नगरपरिषदेच्या सभांमध्ये नेमके कोणते ठराव झाले? त्याने माहितीच्या अधिकारात अर्ज केला आणि त्याला सभांच्या इतिवृत्तांच्या वर्ड फाइल्स मिळाल्या. महिन्याला एक सभा धरली, तरी दहा वर्षांच्या १२० फाइल्स झाल्या. तो एकेक फाइल वाचत गेला आणि पाण्याशी संबंधित मजकूर पिवळ्या रंगाने हायलाइट करत गेला.

खरी कटकट यानंतर सुरू होते. पिवळा केलेला सगळा मजकूर एका ठिकाणी आणायचा कसा? एकेक तुकडा कॉपी करून दुसरीकडे चिकटवत बसलं तर आठवडा जातो. त्यातही एखादा तुकडा सुटला, तर 'असा ठराव झालाच नाही' असं चुकीचं विधान छापून येऊ शकतं.

हे काम संगणक काही सेकंदांत करू शकतो. तो ते कसं करतो हे एकदा कळलं, की आणखी एक गोष्ट लक्षात येते. आपण लपवलेला मजकूरही तो तितक्याच सहज बाहेर काढू शकतो.

सर्च करून काम का भागत नाही?

पहिला विचार हाच येतो की खुणा कशाला करायच्या, 'पाणी' शब्द शोधला की झालं. इंग्रजीत हे बऱ्यापैकी जमतं. मराठीत मात्र शब्द वाक्यात येताना आपलं रूप बदलतो. 'पाणी' शोधलं तर 'पाणीपट्टी' सापडेल, पण 'पाण्याची टाकी' सापडणार नाही. 'नळजोडणी' आणि 'जलवाहिनी' तर सोडूनच द्या.

गावाच्या नावाचंही तसंच आहे. 'मलकापूर' शोधलं, तर 'मलकापुरात' निसटतं, कारण तिथे 'पू'चा 'पु' झालेला असतो. शिवाय महाराष्ट्रात मलकापूर नावाची आणखी शहरं आहेत. एक बुलढाणा जिल्ह्यात रेल्वेमार्गावर आहे, तर दुसरं कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यात. राज्यभरातल्या कागदपत्रांमध्ये नुसतं नाव शोधलं, तर ही सगळी एकत्र येतात.

शेजारच्या कराडची गंमत तर याहून मोठी आहे. काही जण 'कराड' लिहितात, काही 'कऱ्हाड'. त्यातही 'कऱ्हाड' टाइप करण्याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. एका पद्धतीत खाली टिंब असलेला 'ऱ' आणि हलन्त वापरला जातो. दुसरीत साधा 'र', हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. त्याला 'झिरो विड्थ जॉइनर' म्हणतात. स्क्रीनवर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत. एक शोधला तर दुसरा सापडेलच याची खात्री नाही.

म्हणूनच मराठी कागदपत्रांत शब्द शोधण्यापेक्षा खूण शोधणं जास्त भरवशाचं ठरतं. खूण माणसाने वाचून, समजून केलेली असते. संगणकाला फक्त ती गोळा करायची असते.

वर्ड फाइलच्या पोटात काय असतं?

खूण गोळा करायची, तर ती फाइलमध्ये कुठे आणि कशी साठवलेली असते हे माहीत हवं.

२००७ च्या ऑफिसपासून वर्डच्या फाइल्स 'डॉक-एक्स' या प्रकारात साठवल्या जाऊ लागल्या. त्याआधीची 'डॉक' फाइल बाहेरच्या प्रोग्रॅमला वाचायला किचकट होती. नव्या प्रकाराचं तसं नाही. डॉक-एक्स फाइल म्हणजे मुळात एक झिप फाइल असते. विश्वास बसत नसेल, तर एखाद्या फाइलची कॉपी करा, नावाच्या शेवटी असलेलं 'डॉक-एक्स' काढून 'झिप' लिहा आणि उघडा. आत काही फोल्डर आणि फाइल्स दिसतील.

त्यातल्या 'वर्ड' नावाच्या फोल्डरमध्ये 'डॉक्युमेंट' नावाची एक एक्सएमएल फाइल असते. मुख्य मजकूर तिच्यात असतो. शेरे म्हणजे कॉमेंट वेगळ्या फाइलमध्ये, तळटीपा वेगळ्या फाइलमध्ये आणि चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये असतात.

एक्सएमएल म्हणजे लेबल लावलेला मजकूर. किराणा दुकानात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते, तसंच. 'इथे परिच्छेद सुरू', 'हा तुकडा ठळक', 'हा तुकडा पिवळा', 'इथे परिच्छेद संपला' अशा चिठ्ठ्या मजकुराला लावलेल्या असतात. स्क्रीनवर आपल्याला पिवळा रंग दिसतो. फाइलमध्ये रंग नसतो, 'पिवळा' असं सांगणारी चिठ्ठी असते. त्यामुळे संगणकाला रंग पाहावा लागत नाही, चिठ्ठी वाचली की पुरतं.

कोणकोणत्या खुणा गोळा करता येतात?

वर्डमध्ये मजकुरावर खूण करण्याचे मुख्य प्रकार असे :

हायलाइट : मार्कर पेनसारखा रंग. यात ठरावीक रंगच मिळतात. रंगांचे अर्थ ठरवून घेतले, तर 'पिवळा म्हणजे पाणी, हिरवा म्हणजे रस्ते' अशी वर्गवारी करता येते.

बुकमार्क : मजकुराच्या एखाद्या भागाला दिलेलं नाव. फाइलमध्ये त्याची सुरुवात दाखवणारी एक चिठ्ठी असते आणि शेवट दाखवणारी दुसरी. नावात मोकळी जागा चालत नाही आणि नाव ४० अक्षरांपेक्षा लांब ठेवता येत नाही.

स्टाइल : परिच्छेदाचा प्रकार, उदाहरणार्थ 'शीर्षक १'. स्वतःची नवी स्टाइलही बनवता येते आणि तिला 'ठराव' असं नाव देता येतं.

कॉमेंट : शेरा वेगळ्या फाइलमध्ये असतो, पण तो कोणत्या शब्दांवर आहे याच्या चिठ्ठ्या मुख्य मजकुरात असतात. त्यामुळे शेरा आणि त्याखालचा मजकूर दोन्ही जोडीने काढता येतात.

ट्रॅक चेंजेस : कोणी काय खोडलं आणि काय घातलं याची नोंद. बदल मंजूर होईपर्यंत खोडलेला मजकूरही फाइलमध्येच राहतो.

कोड न लिहिता जमतं का?

एकच फाइल असेल तर जमतं. वर्डच्या प्रगत शोधात म्हणजे 'अॅडव्हान्स्ड फाइंड'मध्ये जा. शोधायच्या रकान्यात काहीही लिहू नका. 'फॉरमॅट'मधून 'हायलाइट' निवडा आणि 'फाइंड इन'मधून मुख्य दस्तऐवज निवडा. हायलाइट केलेला सगळा मजकूर एकाच वेळी निवडला जातो. तो कॉपी करून नव्या फाइलमध्ये चिकटवा.

या पद्धतीत पिवळं-हिरवं वेगळं होत नाही आणि तुकडा कोणत्या विषयाखालचा होता हे कळत नाही. शिवाय फाइल्स १२० असतील, तर हेच १२० वेळा करावं लागतं. कोड इथे कामाला येतो.

कोड नेमकं काय करतो?

या कामासाठी पायथॉन ही भाषा आणि तिच्यातली 'पायथॉन-डॉक्स' नावाची मोफत लायब्ररी बरीच वापरली जाते. कोडला द्यायच्या सूचना साध्या मराठीत अशा :

१. या फोल्डरमधली प्रत्येक डॉक-एक्स फाइल उघड.
२. तिच्यातला प्रत्येक परिच्छेद घे. तक्ते असतील, तर प्रत्येक चौकटीतला परिच्छेदही घे.
३. परिच्छेदातल्या प्रत्येक तुकड्याचा हायलाइट पिवळा आहे का ते पाहा.
४. असेल तर मजकूर उचल. लागोपाठचे पिवळे तुकडे एकमेकांना जोड.
५. फाइलचं नाव, परिच्छेद क्रमांक आणि मजकूर एका ओळीत लिही. सगळ्या ओळींची एक यादी बनव.

प्रत्यक्ष कोड वीस-पंचवीस ओळींत मावतो. चालवल्यावर जी यादी मिळते ती एक्सेलमध्ये उघडता येते.

यादीत परिच्छेद क्रमांकच का, पान क्रमांक का नाही? कारण कोणता परिच्छेद कोणत्या पानावर आहे हे डॉक-एक्स फाइलमध्ये भरवशाने नोंदवलेलं नसतं. फाइल उघडल्यावर कागदाचा आकार आणि फॉन्ट पाहून वर्ड पानं पाडतो. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर तोच ठराव पुढच्या पानावर जातो.

मजकूर कुठे हरवतो?

कोड चालला, यादी आली, म्हणजे सगळं आलंच असं नाही. नेहमीच्या चुका या :

तक्ते सुटणं : पायथॉन-डॉक्सला नुसते 'परिच्छेद' मागितले, तर तक्त्यातले परिच्छेद त्यात येत नाहीत. आपल्याकडची इतिवृत्तं पुष्कळदा तक्त्यातच असतात. एका रकान्यात विषय, दुसऱ्यात ठराव. वरची दुसरी सूचना अर्धवट राहिली, तर नेमके ठरावच सुटतात.

शब्द तुटणं : स्क्रीनवर एकसंध दिसणारा 'पाणीपुरवठा' फाइलमध्ये दोन-तीन तुकड्यांत असू शकतो. मध्येच थांबून दुरुस्ती केली, की वर्ड तिथे नवा तुकडा सुरू करतो. तुकडे जोडले नाहीत, तर यादीत 'पाणीपु' आणि 'रवठा' अशा दोन वेगळ्या ओळी दिसतात.

दिसायला पिवळं, पण हायलाइट नाही : काही जण हायलाइटऐवजी 'शेडिंग' वापरतात. डोळ्यांना दोन्ही सारखंच पिवळं, पण फाइलमध्ये चिठ्ठी वेगळी. फक्त हायलाइट शोधणाऱ्या कोडला शेडिंग दिसत नाही.

ठळक मजकूर निसटणं : वर्ड देवनागरीची गणना 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'मध्ये करतो आणि अशा लिप्यांसाठी ठळकपणाची चिठ्ठी वेगळी असते. इंग्रजी कागदपत्रांसाठी लिहिलेला तयार कोड ती तपासतोच असं नाही.

ट्रॅक चेंजेसमधला मजकूर गळणं : नव्याने घातलेला पण अजून मंजूर न केलेला मजकूर पायथॉन-डॉक्सच्या साध्या पद्धतीने वाचला जात नाही. मसुद्यात शेवटच्या क्षणी घातलेली दुरुस्ती यादीत येतच नाही.

जुने फॉन्ट : ही मराठीची खास डोकेदुखी. कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइल्समध्ये मराठी अक्षरं नसतातच. असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, ज्यांच्यावर फॉन्टने देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. कोड मुखवटा पाहत नाही, त्यामुळे यादीत अगम्य इंग्रजी अक्षरं येतात. हा मजकूर आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा लागतो.

या सगळ्यावर एक साधी तपासणी आहे. सगळ्यात गुंतागुंतीची एक फाइल निवडा, तिच्यातल्या खुणा हाताने मोजा आणि कोडने काढलेल्या तुकड्यांशी आकडा ताडून पाहा. जुळला तरच बाकीच्या ११९ फाइल्सवर विश्वास ठेवा.

मग काळं केलेलं लपतं का?

आता तोच नियम उलट बाजूने पाहू. पिवळा रंग ही फक्त चिठ्ठी असेल, तर काळा रंगही चिठ्ठीच असणार.

माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम १० नुसार, एखाद्या कागदाचा काही भाग देण्यासारखा नसेल, तर तेवढा भाग वगळून उरलेला देता येतो. याच कायद्यात माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळण्याचीही तरतूद आहे. आता एखाद्या कार्यालयात इतिवृत्ताच्या फाइलमध्ये कुणाचा आधार क्रमांक आहे किंवा कुणाच्या आजारपणाचा उल्लेख आहे, असं समजा. कर्मचारी त्यावर काळा हायलाइट ओढतो आणि फाइल पाठवतो. स्क्रीनवर काळी पट्टी दिसते. पण पट्टीखालचे बाराच्या बारा आकडे फाइलमध्ये जसेच्या तसे असतात. वरच्या तिसऱ्या सूचनेत 'पिवळा'च्या जागी 'काळा' लिहिलं, तर लपवलेल्या गोष्टींचीच यादी तयार होते. कोडही लागत नाही. मजकूर कॉपी करून दुसरीकडे नुसत्या अक्षरांच्या रूपात चिकटवला, तरी तो वाचता येतो.

फाइल पीडीएफ केली म्हणूनही सुटका होत नाही. ८ जानेवारी २०१९ ला अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात एक पीडीएफ दाखल केली. त्यात काही ओळी काळ्या केल्या होत्या. पत्रकारांनी त्या कॉपी करून दुसरीकडे चिकटवल्या आणि झाकलेला मजकूर उघडा पडला.

ट्रॅक चेंजेसचा किस्सा त्याहून जुना आहे. लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरीरी यांची फेब्रुवारी २००५ मध्ये हत्या झाली. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीचा अहवाल त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आला. त्याची वर्ड फाइल पत्रकारांच्या हाती पडली तेव्हा तिच्यात आधीचे बदल तसेच होते. अंतिम मजकुरातून काढलेली नावं त्यातून दिसली आणि त्यात सीरियाच्या अध्यक्षांच्या भावाचंही नाव होतं. जगभर त्याची बातमी झाली.

या दोन्ही प्रकरणांत कुणी फाइल हॅक केली नव्हती. मजकूर फाइलमध्येच होता.

फाइल पाठवण्याआधी काय करायचं?

लपवायचा मजकूर रंगवू नका, पुसा. मूळ फाइल जपून ठेवा, कॉपीमध्ये तो भाग काढून टाका आणि तिथे 'वगळले' असं लिहा. ट्रॅक चेंजेसमधले सगळे बदल स्वीकारा किंवा नाकारा. शेरे काढा. वर्डमध्ये 'फाइल', 'इन्फो', 'चेक फॉर इश्यूज' या वाटेने गेलं, की 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' सापडतं. ते लपलेले शेरे, बदल आणि लिहिणाऱ्याची नावं शोधून काढून टाकतं. पण काळा हायलाइट त्याच्या दृष्टीने साधी रंगसंगती असते, त्यामुळे तो मजकूर तुम्हालाच पुसावा लागतो. त्यानंतर पीडीएफ करा आणि पाठवण्याआधी स्वतःच कॉपी-पेस्ट करून पाहा.

दुसरी काळजी कोड मिळवण्याबाबत. हल्ली असा कोड एआय चॅटबॉटकडून लिहून घेता येतो आणि त्यात काही वावगं नाही. मात्र त्यासाठी लोकांची नावं-पत्ते असलेल्या फाइल्स त्याला द्यायची गरज नसते. फाइलची रचना शब्दांत सांगून कोड घ्यावा आणि तो आपल्याच संगणकावर चालवावा. फाइल्स बाहेर जातच नाहीत.

खूण लिहितानाच केली तर?

मलकापूरच्या त्या विद्यार्थ्याला १२० फाइल्स वाचून रंगवाव्या लागल्या, कारण लिहिणाऱ्याने खुणा ठेवल्या नव्हत्या. मराठी सरकारी कागदाला खुणा नव्या नाहीत. कुठलाही शासन निर्णय घ्या. त्यात 'प्रस्तावना' आणि 'शासन निर्णय' असे भाग ठरलेले असतात. वाचणाऱ्याला कुठे काय आहे ते लगेच कळतं. फक्त हे मथळे बरेचदा नुसते ठळक केलेले असतात, त्यांना स्टाइलची चिठ्ठी नसते. त्यामुळे माणसाला जे दिसतं, ते संगणकाला कळत नाही.

इतिवृत्त लिहिणाऱ्याने प्रत्येक विषयाला 'विषय' आणि प्रत्येक ठरावाला 'ठराव' ही स्टाइल दिली, तर एका सभेमागे दोन-चार मिनिटं जास्त जातील. पण मग दहा वर्षांचे सगळे ठराव कोणालाही, कधीही, एका यादीत काढता येतील. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्येही कार्यालयांनी आपले अभिलेख सूचीबद्ध करून सहज सापडतील असे ठेवावेत, असंच म्हटलं आहे.

ग्रामपंचायत असो, गृहनिर्माण सोसायटी असो, पतसंस्था असो की मंडळाची सभा, इतिवृत्ताची पुढची फाइल उघडाल तेव्हा 'ठराव' शब्द ठळक करण्याआधी त्याला एक स्टाइल द्या. दहा वर्षांनी तो शोधणाऱ्याचा आठवडा वाचेल.